नव्या मोटारसायकलच्या चाकांतील मंद गळती : तिचें कारण कसें शोधावें

शेतकऱ्याच्या दारांत बैलजोडीच्या शेजारीं मोटारसायकल उभी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. पहांटे दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोंचविणें, मळ्यांत डबा व खताची गोणी नेणें, बाजार समितींत जाऊन भावाची चौकशी करणें, हीं सर्व कामें तिच्यावर चालतात. अशा गाडीच्या एका चाकांतील हवा दर तीन-चार दिवसांनीं कमी होऊं लागली, तर मालक प्रथम तिकडे फारसें लक्ष देत नाहीं. गाडी घेऊन पुरते सहा महिने झालेले नसतात. टायरवरील रबराचे बारीक केसही अजून झडलेले नसतात. तेव्हां 'नव्या गाडीस काय होणार' असें म्हणून तो वाटेंतील पंक्चरवाल्याकडे हवा भरून घेतो आणि पुढें जातो. यास खर्च थोडा येत असल्यामुळें ही रीत महिनोन्महिने चालते.

ही रीत घातक आहे. मंद गळती हें रोगाचें लक्षण होय. हवा भरल्यानें लक्षण चार दिवस झांकतें, रोग तसाच राहतो. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास दबतात व उठतात, त्यामुळें टायर तापतो आणि त्याच्या आंतील धाग्यांचे थर निकामी होऊं लागतात. ट्यूब असलेल्या चाकांत याहून वाईट प्रकार घडतो. हवा कमी असतां ब्रेक दाबला कीं टायर लोखंडी कड्यावर किंचित् सरकतो व आपल्याबरोबर ट्यूबही ओढतो. परंतु व्हॉल्व्हची नळी कड्याच्या भोंकांत अडकलेली असते. अशा ओढाताणीनें एक दिवस ती नळी मुळाशीं फाटते आणि सर्व हवा क्षणांत जाते. टायरच्या बैलगाडीचें चाक बसलें तर गाडी जागीं उभी राहते. दोन चाकांची गाडी मात्र पडते, आणि किटल्यांसह पडते. म्हणून गळतीचें कारण शोधणें हें शेतकऱ्याच्या हातापायांच्या सुरक्षिततेचें काम आहे.

हवेच्या टायराचा इतिहासही शेतकऱ्यांस जवळचा वाटावा असा आहे. बेलफास्ट येथें गुरांची व घोड्यांची औषधयोजना करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं असा टायर बनविला व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. रबरी टायरच्या बैलगाडीस खेड्यांत 'डनलॉप गाडी' म्हणतात, तें त्याच नांवावरून. पशुवैद्य ज्या रीतीनें लंगडणाऱ्या बैलाची परीक्षा करितो, तीच रीत येथें उपयोगी पडते. तो एकदम डाग देत नाहीं. आधीं बैल खरोखर लंगडतो कीं नाहीं हें चालवून पाहतो, मग खूर, मग सांधा, मग खांदा, असा सोप्याकडून कठिणाकडे जातो. चाकाचें निदानही याच क्रमानें करावें.

१. गळती खरी कीं भासमान

हवेचा दाब हवामानाप्रमाणें बदलतो, हें ध्यानांत न घेतल्यास निरोगी चाकही रोगी ठरविलें जातें. टायरांतील हवा थंड झाली म्हणजे तिचा दाब उतरतो. ३० पौंडांच्या आसपास भरलेल्या टायरांत दर १० अंश सेल्सिअसला सुमारें दीड पौंडाचा फरक पडतो. पौष महिन्यांत दुपारीं ३० अंश उष्णता असतां भरलेली हवा दुसऱ्या दिवशीं पहांटे १० अंशांवर मोजली, तर एकही छिद्र नसतां ती तीन पौंडांनीं कमी दिसेल. उलटपक्षीं गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणल्यावर तापलेल्या टायरांत दाब वाढलेला आढळेल व खरी गळती झांकली जाईल. येथें पौंड म्हणजे दर चौरस इंचावरील दाब समजावा. गाडीच्या पुस्तकांत आंकडा किलोग्रॅम व चौरस सेंटिमीटर या मापांत दिला असल्यास त्यास १४.२ नें गुणावें, म्हणजे पौंड मिळतात.

यास्तव हवा मोजण्याचें एक गेज स्वतःजवळ ठेवावें. निरनिराळ्या ठिकाणचीं गेजें निरनिराळा आंकडा दाखवितात. एकाच गेजानें मोजल्यास तें थोडें चुकीचें असलें तरी रोजचा फरक बरोबर कळतो. दोन्ही चाकांत पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें हवा भरावी आणि रोज सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं व तिच्यावर ऊन पडण्यापूर्वीं, एकदांच मोजून वहींत टिपावें. वारंवार मोजूं नये, कारण प्रत्येक वेळीं थोडी हवा गेजाबरोबर निसटते. तारीख, दोन्ही चाकांचे आंकडे आणि आदल्या दिवशीं गाडी किती चालली, इतकें लिहिलें म्हणजे पुरे.

यांत निर्दोष चाक हें साक्षीदाराचें काम करितें. समजा, पहिल्या दिवशीं पुढील चाकांत २८ व मागील चाकांत ३२ पौंड हवा होती, आणि आठव्या दिवशीं पुढील चाकांत २७ व मागील चाकांत २३ भरली. पुढील चाकाचा एक पौंड थंडीनें व मोजण्यांत गेला असें धरावें. तितकाच मागील चाकाचाही वजा केला, तरी आठ पौंड उरतात. म्हणजे त्या चाकांतून रोज एक पौंडाहून थोडी अधिक हवा खरोखर जात आहे. दोन्ही चाकें जवळ जवळ सारखीं उतरलीं असतीं, तर दोष चाकाकडे नसून हवामानाकडे होता असें ठरलें असतें.

अगदीं निर्दोष टायर-ट्यूबमधूनही थोडी हवा झिरपते, जसें मातीच्या माठांतून पाणी पाझरतें. १९३७ सालीं अमेरिकेंत ब्यूटिल या कृत्रिम रबराचा शोध लागला. त्यांतून हवा नैसर्गिक रबरापेक्षां कित्येक पट कमी झिरपते, म्हणून ट्यूबा व ट्यूबरहित टायरांचें अस्तर त्याच जातीच्या रबराचें करितात. तेव्हां महिन्यास एक-दोन पौंड उतरणें हा दोष समजूं नये. आठवड्यास तीन-चार पौंड वा अधिक जात असतील, तर मात्र शोधास लागावें.

२. व्हॉल्व्हची परीक्षा

सर्वांत सोपी व बिनखर्चाची परीक्षा व्हॉल्व्हची. म्हणून ती पहिली. सायकलीच्या व्हॉल्व्हवर रबरी नळी असते. मोटारसायकलच्या व्हॉल्व्हमध्यें तिच्या जागीं स्प्रिंगची पिन असते. या जातीच्या व्हॉल्व्हचें पेटंट न्यूयॉर्क येथील जॉर्ज श्रेडर यांनीं १८९३ सालीं घेतलें, आणि मोटारगाड्यांच्या चाकांतही हीच पिन वापरतात. तिच्या बैठकीवर वाळूचा एक कण अडकला, तरी हवा रात्रंदिवस निसटत राहते. टोपण हरवलेल्या गाडीस हा दोष लौकर जडतो, कारण शेतरस्त्यावरील सर्व धूळ त्या उघड्या तोंडांत जाते.

चाक फिरवून व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणावा, टोपण काढावें आणि साबणाच्या दाट पाण्याचा एक थेंब तोंडावर ठेवावा. मग घाई न करितां दोन मिनिटें पाहावें. मंद गळतींत बुडबुडे भराभर येत नाहींत. पाण्याचा पापुद्रा सावकाश फुगून घुमटासारखा वर येतो. तसें झाल्यास पिन फिरविण्याच्या लहान किल्लीनें ती अगदीं थोडी आवळावी; जोर करूं नये. पुनः थेंब ठेवून पाहावें. तरीही फुगा आला, तर हवा सोडून पिन काढावी, नळींतील धूळ फुंकून टाकावी व नवी पिन बसवावी. तिची किंमत अल्प असते. त्यानंतर व्हॉल्व्हच्या बुडाशीं साबणाचें पाणी लावून नळी हलकेच दोन्ही बाजूंस वांकवून पाहावी. ट्यूबरहित चाकांत रबरी नळी बुडाशीं चिरली असल्यास बुडबुडे तेथें दिसतात.

ट्यूब असलेल्या चाकांत नळी कड्यांतून सरळ उभी आहे कीं तिरपी झाली आहे, हेंही याच वेळीं पाहावें. तिरपी नळी म्हणजे टायर कड्यावर सरकल्याची खूण. अशा गाडीवर ओझें लादून जाणें तत्काळ बंद करावें.

३. टायरची बाहेरून तपासणी

व्हॉल्व्ह निर्दोष ठरला म्हणजे टायर पाहावा. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून टायरवर खडूची खूण करावी आणि चाक वीतभर वीतभर फिरवीत पूर्ण फेरा उन्हांत पाहावा. आपल्याकडे खिळ्यापेक्षां कांट्याचें भय अधिक. कुंपणासाठीं बाभळीच्या व बोरीच्या फांद्या तोडून नेल्या कीं बांधावरील वाटेवर कांटे पडतात. पाऊस संपल्यावर सराटे वाळून कठीण होतात. शिवाय १८७७ च्या सुमारास हिंदुस्थानांत आणलेली वेडी बाभूळ आतां ओढ्यानाल्यांच्या कांठीं सर्वत्र पसरली असून तिचा कांटा लांब व बळकट असतो.

कांट्याचा कावा असा कीं तो टायरच्या पृष्ठभागाशीं मोडतो. बाहेरून केवळ एक काळा ठिपका दिसतो. आंतील टोंक गाडी चालतांना हळूहळू पुढें सरकतें व पुष्कळ दिवसांनीं आंत पोंचतें. गाडी नवी असली, तरी पहिल्याच आठवड्यांत शिरलेला कांटा चौथ्या महिन्यांत हवा सोडूं लागणें अगदीं शक्य आहे. संशयित ठिपक्यावर, विशेषतः ट्यूबरहित टायरांत, साबणाचें पाणी लावून पाहावें. खिळा दिसला तर मळ्याच्या वाटेवर तो उपटूं नये. ट्यूबरहित टायरांत खिळा स्वतःच भोंक अर्धेअधिक बुजवून असतो. उपटल्यास उरलेली हवा तेथेंच जाते व गाडी ढकलीत आणावी लागते.

४. ट्यूब असलेलें चाक

टायरच्या बाजूवर तो ट्यूबचा आहे कीं ट्यूबरहित आहे हें इंग्रजी अक्षरांत उठविलेलें असतें. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते. या चाकांत एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी : बाहेर जेथें बुडबुडे दिसतात, तेथें छिद्र असतेंच असें नाहीं. ट्यूबमधून सुटलेली हवा टायरच्या आंत फिरून तारांच्या मुळांशीं अथवा व्हॉल्व्हच्या भोंकाशीं बाहेर पडते. पाटाचें पाणी शेताच्या खालच्या अंगास निघतें, परंतु उंदराचें बीळ वरच्या बांधांत असतें, तसाच हा प्रकार आहे. म्हणून येथें ट्यूब बाहेर काढल्यावांचून निर्णय होत नाहीं.

टायर सोडविण्यापूर्वीं त्यावर व्हॉल्व्हसमोर खडूची खूण करावी. ट्यूब काढतांना तिची कोणती बाजू गाडीच्या उजवीकडे होती, हेंही लिहून ठेवावें. मग ट्यूबमध्यें ती गोल होऊन थोडी ताणली जाईल इतकी हवा भरावी आणि पाण्याच्या घमेल्यांत वीतभर वीतभर बुडवून पाहावी. सांध्याशीं व व्हॉल्व्हच्या मुळाशीं ती हातानें किंचित् ताणावी. तेथील चीर ताणल्यावांचून उघडत नाहीं. छिद्र सांपडलें कीं त्याचें व्हॉल्व्हपासूनचें अंतर मोजावें. आपल्याकडे बहुतेक दुकानांत हें अंतर कोणी मोजीत नाहीं, आणि खरें निदान तर त्यांतच आहे. कारण छिद्राची जागा गळतीचें कारण सांगते :

(अ) छिद्र बाहेरच्या अंगास, म्हणजे जमिनीकडील बाजूस असेल, तर कांटा वा खिळा. खडूच्या खुणेवरून तेंच अंतर टायरवर मोजावें. मोडका कांटा तेथें मिळेल. टायरच्या आंतून बोटें फिरवूं नयेत. जुन्या सुती फडक्याचा बोळा फिरवावा, तो कांट्याच्या टोंकास अडकतो.

(आ) छिद्र आंतल्या अंगास, म्हणजे कड्याकडील बाजूस असेल, तर तारेचें वर आलेलें टोंक, कड्याची खरबरीत धार, किंवा सरकलेली रबरी रिमपट्टी.

(इ) शेजारीं शेजारीं दोन चिरा असतील, तर कमी हवेंत खड्ड्यावर आपटून ट्यूब कड्यांत चिमटली. बाजूस एकच वेडीवांकडी चीर असेल, तर टायर चढवितांना ती पट्टीनें चिमटली असण्याचा संभव अधिक.

(ई) चीर व्हॉल्व्हच्या मुळाशीं असेल, तर टायर सरकला. अशी ट्यूब जोडूं नये, टाकून द्यावी.

आमच्या पाहण्यांतील एका दूध उत्पादकाच्या गाडीचें मागील चाक चार महिन्यांत तीन वेळां जोडून झालें होतें. प्रत्येक वेळीं ठिगळ उत्तम बसलें, आणि प्रत्येक वेळीं पंधरवड्यांत हवा पुनः जाऊं लागली. ट्यूब बाहेर काढून अंतरें मोजलीं, तों तिन्ही ठिगळें कड्याकडील अंगास व व्हॉल्व्हपासून जवळ जवळ सारख्याच अंतरावर आढळलीं. तेथें रिमपट्टी बाजूस सरकून एका तारेचें टोंक केसभर वर आलें होतें. तें कानशीनें घांसून सपाट केलें, नवी पट्टी व नवी ट्यूब घातली, आणि गळती थांबली. तीन ठिगळांचा पैसा व तीन सकाळचें दूध, हें केवळ जागा न मोजल्याचें मोल होतें.

५. ट्यूबरहित चाक

या चाकांत हवा बाहेर पडण्याच्या जागा चार : व्हॉल्व्ह, टायरचा तळ, टायरची कड जेथें कड्यावर बसते ती रेषा, आणि प्रत्यक्ष कडें. व्हॉल्व्ह व तळ पाहून झाले असतील, तर चाक गाडीवरून उतरवावें व उथळ हौदांत उभें धरून त्याचा खालचा भागच बुडवावा. मधला तुंबा, त्यांतील बेअरिंगें व ब्रेक यांस पाणी लागूं देऊं नये. थोडा थोडा भाग फिरवीत प्रत्येक ठिकाणीं दोन मिनिटें थांबावें. हौद नसल्यास कुंचल्यानें साबणाचें पाणी कडेभोंवतीं लावावें. डिस्क ब्रेकच्या तबकडीवर साबण वा तेल मुळींच जाऊं देऊं नये. साबण गेल्यास ती स्वच्छ पाण्यानें धुऊन पुसावी व सावकाश चालवून ब्रेक लागतो कीं नाहीं हें आधीं पाहावें.

नव्या गाडींत कडेची गळती विशेष संभवते. टायरच्या बाजूवर कड्यालगत एक बारीक उठावदार रेषा असते. ती सर्व बाजूंनीं कड्यापासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एके ठिकाणीं ती आंत बुडाली असेल, तर टायर पुरता बसलेला नाहीं असें समजावें. कडेखालीं रंगाचा थेंब, रबराचा कण अथवा माती अडकल्यानेंही हवा झिरपते. अशा वेळीं टायर कड्यावरून सोडवून दोन्ही कडा स्वच्छ कराव्या व साबणाचें पाणी लावून पुनः बसवावा. ठिगळाचें येथें कामच नाहीं. खड्ड्यावर आपटून कड्यास पोंचा आला असल्यास तोही याच वेळीं दिसतो. क्वचित् प्रसंगीं मिश्रधातूच्या ओतीव चाकांत ओतकामाच्या वेळीं राहिलेल्या सूक्ष्म छिद्रांतून हवा येते, व बुडबुडे प्रत्यक्ष धातूंतून निघतांना दिसतात. तो चाकाचाच दोष होय; असें चाक बदलून घ्यावें.

६. गाडी नवी असतां घ्यावयाची विशेष काळजी

नव्या गाडीस हमी असते, परंतु सर्व भागांची हमी एकाच्या अंगीं नसते. टायर व ट्यूब यांची जबाबदारी बहुधा तीं बनविणाऱ्या कारखान्याकडे असते, तर कडें व चाकाची जोडणी गाडीच्या कारखान्याकडे. कांट्याचें पंक्चर कोणाच्याच हमींत बसत नाहीं. म्हणजे खर्च कोणी करावा, हें सर्वस्वीं निदानावर अवलंबून आहे. 'हवा राहत नाहीं' एवढीच तोंडी तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकास हवा भरून परत पाठविणें सोपें असतें. आठ दिवसांचे आंकडे व गळतीची जागा लिहून नेणाऱ्यास तसें परत पाठविणें कठीण जातें. म्हणून बाहेरील खुणांवरून कांटा हें कारण नाहीं असें वाटल्यास, चाक रस्त्यावरील दुकानांत खोलण्यापूर्वीं तें विक्रेत्यास दाखवावें, तक्रार लेखी द्यावी व तिची पोंच घ्यावी. बाहेर खोलून पट्टीनें कड्यावर ओरखडे पडले, तर मूळ दोष कोणाचा हें सिद्ध करणें अशक्य होतें.

हवा बुजविणारें द्रावण टायरांत घालण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणीं मिळतो. ट्यूबरहित टायरच्या तळास पडलेलें बारीक छिद्र त्यानें बुजूं शकतें, हें खरें. परंतु निदान होण्यापूर्वीं तें घातल्यास गळतीच्या सर्व खुणा पुसल्या जातात, पिनेंत तें साकळल्यास व्हॉल्व्हही बिघडतो, आणि तारेचें टोंक वा न बसलेली कड यांवर त्याचा इलाज चालत नाहीं. टायरच्या बाजूस भोंक पडलें असल्यास तर द्रावण, प्लग वा ठिगळ यांपैकीं कशावरही भरंवसा ठेवूं नये, टायर बदलावा.

वरील सर्व कामास लागणारें सामान म्हणजे एक गेज, साबणाचें पाणी, खडू, वही आणि आठ सकाळींचा थोडा वेळ, एवढेंच. चाक खोलण्याचें काम कुशल कारागिराकडून करून घेण्यास हरकत नाहीं. पण त्या वेळीं स्वतः जवळ उभें राहावें, छिद्राची जागा डोळ्यांनीं पाहावी आणि अंतर मोजून घ्यावें. दुरुस्तीनंतरही आठ दिवस वही चालू ठेवावी. दोन्ही चाकांचे आंकडे बरोबरीनें चालले, तरच गळती गेली असें समजून किटल्या पुनः गाडीवर चढवाव्या.